जोतं झाका, पण बुजवू नका

गेल्या खेपेला दारापुढच्या पायऱ्यांवर लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांतल्या निम्म्यांना पायऱ्यांशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांचं दुखणं पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना होतं, म्हणजे जोत्यात. घर देखणं झालं, रंग झाला, वास्तुशांत झाली, आणि फाटकातून आत येणाऱ्याची नजर पहिल्यांदा जाते ती जमिनीलगतच्या त्या करड्या, डागाळलेल्या पट्ट्यावर. म्हणून या वेळी फक्त जोतं.

*

छत्रपती संभाजीनगरहून एक वाचक लिहितात: "ताई, पुढेमागे रस्ता वर येईल म्हणून आम्ही जोतं तीन फूट घेतलं. आता ते राक्षसासारखं दिसतं. कंत्राटदार म्हणतो, दोन ट्रॅक्टर लाल माती आणून जोत्याच्या कडेपर्यंत चढवू आणि उतारावर लॉन लावू. खर्चही फार नाही. करू का?"

नका करू. कंत्राटदाराचा हेतू वाईट नसेल, पण लॉन हिरवं होईपर्यंत तो दुसऱ्या साइटवर गेलेला असेल आणि भिंतीतली ओल तुमच्या वाट्याला येईल.

असं का, ते सांगते. जोत्याच्या माथ्यावर, भिंत सुरू होते त्याच्या खाली, एक ओलरोधक थर घातलेला असतो. गवंडी त्याला डीपीसी म्हणतात. जमिनीतलं पाणी विटांच्या आणि गिलाव्याच्या बारीक छिद्रांतून दिव्याच्या वातीतल्या तेलासारखं वर चढतं. ते या थरापाशी अडतं. तुम्ही माती या थराच्या वर नेलीत की पाण्याला वळसा घालून जायचा रस्ता मिळाला. मग दिवाणखान्यात हातभर उंचीपर्यंत रंगाचे पोपडे सुटतात आणि पांढरा लोणा फुलतो. माती थराच्या थोडी खाली राहिली तरी सुटका नाही, कारण लॉनला रोज पाणी लागतं आणि ते भिंतीवर उडतच राहतं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. धंद्यात नवी असताना एका बंगल्याला मी स्वतः असाच मातीचा उतार करून दिला होता. पहिल्या वर्षी सगळ्यांनी कौतुक केलं, मी फोटो काढून घेतले. दुसऱ्या पावसाळ्यानंतर त्या काकूंचा फोन आला की खिडकीची सागवानी चौकट बोटाने दाबली तर आत जाते. वाळवी मातीच्या उतारावरून आरामात वर आली होती. जोतं उघडं असतं तेव्हा वाळवीला वर जायला मातीची नळी बांधावी लागते आणि ती आपल्याला दिसते. माती लावून मी तिला झाकलेला रस्ता बांधून दिला होता. त्यात भर म्हणजे बांधकामाच्या वेळी पायालगतच्या मातीत वाळवीचं औषध जिरवलेलं असतं. वाफे खणताना मी त्या औषधाच्या थरावरच कुदळ चालवली होती. चौकट मी माझ्या पैशाने बदलून दिली. तेव्हापासून माझा नियम आहे: जोतं नजरेआड करायचं, वाऱ्याआड नाही.

आता तुम्ही काय करायचं ते सांगते. आधी जोत्याला लागून घराभोवती काँक्रीटची पट्टी आहे का पाहा, प्लिंथ प्रोटेक्शन म्हणतात ती. नसेल तर झाडांचा विचार तूर्त बाजूला ठेवा आणि ती करून घ्या. सरकारी बांधकामांत नेहमी घालतात तशी: खाली ७५ मिलिमीटर विटांच्या रोड्याचा ठोकून बसवलेला थर, वर ५० मिलिमीटर १:३:६ चं काँक्रीट, आणि उतार भिंतीपासून बाहेर. रुंदी तीन फूट धरा. तुमच्याकडे काळी माती आहे. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते. घराच्या एका अंगाला रोज बागेचं पाणी आणि दुसऱ्या अंगाला कोरडं ठणठणीत असं झालं, की एका बाजूची माती उचलते आणि दुसरीकडची बसते. भिंतीत तिरक्या भेगा पडतात त्या अशा. म्हणून त्या मातीत ही पट्टी बागेहून महत्त्वाची. वाफ्यांना पाइपने पाणी सोडू नका, ठिबक लावा आणि घराच्या चारी बाजूंना साधारण सारखीच ओल राहील असं बघा.

पट्टीच्या पुढे दीड फुटाचा चर खोदून त्यात खडी भरा. पागोळ्या याच खडीवर पडू देत. बहुतेक जोती कुरूप दिसतात त्याचं निम्मं कारण जोतं नसतंच, चिखलाचे शिंतोडे असतात. उघड्या मातीवर पागोळी पडली की चिखल फूट-दीड फूट उडतो आणि पांढऱ्या गिलाव्यावर तपकिरी झालर उमटते. खडीवर पडलेलं पाणी उडतं, पण चिखल होऊन उडत नाही. एवढ्यावरच काही घरांचा प्रश्न मिटलेला मी पाहिलाय.

रंगाचंही तसंच. घर पांढरं आणि जोतंही पांढरं ठेवलं की ते डोळ्यांवर येतं. जोत्याला गडद राखाडी किंवा काव द्या. आपल्या जुन्या घरांना गेरूचा पट्टा असायचा, त्यामागे शोभेइतकाच हा हिशोब होता: डाग दिसत नाहीत आणि भिंत मागे सरकल्यासारखी वाटते. पुढे हिरवं आलं की ते गडद पार्श्वभूमीवर अधिकच उठून दिसतं. मात्र ऑइल पेंट लावू नका. सिमेंट पेंट किंवा चुन्यातला रंग लावा, म्हणजे आतली ओल बाहेर पडू शकेल.

आता झाडं. ती खडीच्या पुढे, म्हणजे भिंतीपासून साडेचार-पाच फुटांवर येतील. लोकांना हे अंतर फार वाटतं. पण फाटकातून बघणाऱ्याला झाड भिंतीला चिकटून आहे की पाच फूट पुढे, हे कळत नाही. उलट मधल्या जागेतून माणूस जाऊ शकतो, वाळवीची नळी दिसली तर खरवडू शकतो, रंगाचा हात देऊ शकतो.

तीन फुटांच्या जोत्याला तीन फुटांचीच झुडपं हवीत असं नाही. दोन तृतीयांश झाकलं तरी नजर उरलेलं माफ करते. मागच्या ओळीत बुटकी तगर आणि बारीक पानांचा एक्झोरा, आलटून पालटून नव्हे तर पाच-पाचच्या घोळक्यांत. त्यांच्या पायाशी अबोली, कोरांटी, स्पायडर लिली आणि कडेला रेन लिली. एकाच झाडाची सरळ रांग लावलीत तर जोत्याची आडवी रेघ तुम्ही हिरव्या शाईने पुन्हा काढाल. घराच्या कोपऱ्यांवर मात्र थोडं उंच काही हवं, जास्वंद किंवा कण्हेर, कारण जोत्याची उंची सगळ्यात जास्त कोपऱ्यातच जाणवते. घरात लहान मुलं असतील तर कण्हेर नको, ती विषारी असते.

आणि नर्सरीवाला स्वस्तात पिवळ्या फुलांचं वेडेलिया देईल, "महिन्यात सगळं झाकून टाकतं" म्हणेल. खरं आहे, झाकतं. तुमचं झालं की शेजाऱ्याचंही झाकतं, मग ओढ्याचा काठ. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आक्रमक प्रजातींच्या आययूसीएनच्या यादीत त्याचं नाव आहे.

*

पुण्याच्या उपनगरातून: "शेजारच्या प्लॉटवर तळघरासाठी खोदकाम चालू आहे. आमच्या बाजूची माती ढासळली आणि जोत्याच्या खालचं दगडी बांधकाम उघडं पडलं आहे. फार विद्रूप दिसतं. पटकन वाढणारी वेल सुचवाल का?"

दादा, हे पत्र बागेच्या सदराला लिहायचं नव्हतं. तुम्हाला दिसतंय ते जोतं नाही, पाया आहे. जोतं जमिनीवर असतं आणि दिसलं तर फक्त वाईट दिसतं. पाया जमिनीत असतो आणि दिसला तर काहीतरी बिघडलंय. बाजूच्या मातीने त्याला धरून ठेवलेलं असतं. ती सरकली की पायाखालची माती बाहेर निसटू लागते.

हा अंक हातात येण्याची वाट न पाहता मी तुम्हाला कळवलं आहेच, पण इतरांसाठी लिहिते. आजच्या आज स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. महापालिकेच्या बांधकाम परवानगी खात्याला लेखी कळवा आणि पोच घ्या. उघडा भाग ताडपत्रीने असा झाका की पावसाचं पाणी त्या खड्ड्यात उतरणार नाही. भिंतीला भेग असेल तर तिच्यावर आडवी प्लॅस्टर ऑफ पॅरिसची पट्टी लावून तारीख लिहा. पट्टी तडकली तर भेग वाढते आहे. स्वतः भुसभुशीत माती लोटून खड्डा भरू नका, त्याने फक्त दुखणं दिसेनासं होतं. वेलीचं पुढच्या वर्षी बघू.

*

मुळशीच्या बाजूला डोंगरउतारावर घर बांधलेलं एक जोडपं लिहितं: "वरच्या बाजूने घर छान बैठं दिसतं. खालच्या बाजूने मात्र आठ फुटांची डबराची भिंत आणि तिच्यात काँक्रीटचे खांब. धरणाकडून येताना लांबूनच ती दिसते, किल्ल्यासारखी. तिच्या भोकांतून पावसाळ्यात पाणीही गळतं, तो प्रकार वेगळाच. भोकं बुजवून तिथे व्हर्टिकल गार्डन करावं म्हणतो."

भोकांना हातसुद्धा लावू नका. ती गवंड्याची चूक नाही, तुमच्या घराचा श्वास आहे ती. त्या भिंतीच्या पाठीमागे घराखालचा भराव आहे आणि घाटमाथ्याजवळचा पाऊस त्यात मुरतो. पाणी भोकांतून बाहेर पडतं म्हणून भिंतीवर त्याचा रेटा येत नाही. बुजवलीत तर आत तुंबलेलं पाणी भिंत पोटाकडून फुगवेल, आणि अशा भिंती एकदा फुगल्या की सरळ होत नाहीत. व्हर्टिकल गार्डन म्हणजे त्याच भिंतीला खिळे, चौकटी आणि रोजचं पाणी. ते मॉलमध्ये ठीक आहे, तिथे पगारी माळी असतो.

आठ फुटांची भिंत एका ओळीने झाकत नाहीत, टप्प्यांनी झाकतात. आपल्या मावळात डोंगरउतारावर भाताची खाचरं कशी उतरतात ते आठवा. घराच्या भिंतीपासून पाच-सहा फूट पट्टा मोकळा सोडा, चालायला आणि पाणी वाहून जायला. त्याच्या खाली अडीच-तीन फूट उंचीचे दगडी बांध घाला, शक्यतो कोरडे, सिमेंट न लावता. पाणी दगडांच्या फटींतूनच निघून जातं. बांधाचा तळ त्याच्या उंचीच्या निम्म्याहून कमी रुंद नको आणि तोंड डोंगराकडे किंचित कललेलं हवं. बांधामागे आधी खडी, मग माती. एका बांधापासून दुसरा बांध त्याच्या उंचीच्या दुप्पट तरी लांब, नाहीतर वरच्याचा भार खालच्यावर येतो. चार फुटांच्या वर जायचं झालं तर गावच्या गवंड्यावर सोपवू नका, तो कितीही चांगला असला तरी. तिथे हिशोब लागतो.

आणि घराच्या वरच्या अंगाला पाण्याचा चर आहे का? डोंगरावरून येणारं पाणी घराला वळसा घालून बाजूच्या ओघळीत सोडायला हवं. ते नसेल तर खालच्या बाजूला काय लावायचं याची चर्चा करण्यात अर्थ नाही.

झाडं तिथलीच लावा. वरच्या टप्प्यावर, घराच्या भिंतीसमोर, अडुळसा आणि निरगुडी: दोन्ही माणसापेक्षा उंच होतात, बारा महिने हिरवी राहतात आणि गुरं अडुळशाला तोंड लावत नाहीत. मधल्या टप्प्यावर धायटी. तुमच्या आसपासच्या उतारांवर ती असेलच, फेब्रुवारी-मार्चमध्ये लाल होते ती. खालच्या बांधाच्या कडेला करवंदाच्या जाळ्या, म्हणजे कुंपणही झालं आणि मे महिन्यात नातवंडांना कामही. बांधांच्या माथ्यावर वाळ्याची ओळ लावा. त्याची मुळं आडवी न पसरता सरळ खोल जातात आणि माती धरून ठेवतात. वरच्या गच्चीच्या कठड्यावरून बोगनवेल खाली सोडलीत तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी भिंतीचा वरचा भाग दिसणार नाही, आणि तिला भिंतीला चिकटायची गरजच नसते.

कारवी लावायची हौस असेल तर जरूर लावा. ती सात-आठ वर्षांतून एकदा फुलते, तोवर तुमच्यापैकी एकाने दुसऱ्याला "मी म्हटलं होतं" असं म्हणायचं नाही, एवढंच.

खांबांमध्ये कुठे मोकळी जागा असेल तर ती पूर्ण बंद करू नका. जाळी बसवा, हवा खेळू द्या, आणि तिथे लाकूडफाटा साठवू नका. साप लाकडांत राहतात, मोकळ्या जागेत नाही.

*

साताऱ्याहून: "आमच्या जुन्या वाड्याचं जोतं काळ्या घडीव दगडाचं आहे. मुलगा म्हणतो जुनाट दिसतं, पुढे उंच झाडं लावून झाकू. तुमचं मत?"

शनिवारवाडा १८२८ च्या आगीत जळाला तेव्हा आतल्या महालांपैकी मुख्यत्वे जोतीच उरली. आज आपण तिकीट काढून आत जातो ते हिरवळीतली ती जोती बघायलाच. रायगडावरच्या बाजारपेठेचंही तेच. मुलाला एकदा तिथे घेऊन जा. मग दगडांच्या दर्जांतलं सुटलेलं सिमेंट खरवडून त्या चुन्याने भरून घ्या, फटीत पिंपळाचं रोप असेल तर ते दोन पानांचं असतानाच उपटा, आणि पुढे फक्त मोगऱ्याचा एक ताटवा ठेवा, गुडघ्याच्या खालचा. दगड दिसू दे.

*

गुहागर तालुक्यातून एक वाचक: "आमचं जोतं जांभ्याचं. पावसाळ्यात त्यावर शेवाळ आणि नेचे उगवतात. मुंबईचे भाऊ म्हणतात, स्टोन क्लॅडिंगच्या टाइल्स लावून टाकू म्हणजे कायमची कटकट गेली."

भावांना सांगा, जांभा हा मुळात वाऱ्याचा दगड आहे. फ्रान्सिस ब्यूकॅनन नावाच्या स्कॉटिश वैद्याने १८०७ मध्ये त्याला लॅटेराइट हे नाव दिलं, विटेच्या लॅटिन शब्दावरून. केरळात त्याने पाहिलं की खाणीत हा दगड लोखंडी हत्याराने कापता येतो आणि बाहेर हवेत ठेवला की विटेसारखा कडक होतो. तुमच्या चिरेखाणीतल्या माणसाला हे ब्यूकॅननने सांगायला नको, त्याच्या बापजाद्यांना माहीत होतं. हा दगड पाणी पितो आणि हवा लागली की सोडतो. कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तेवढं पाणी प्यायलेल्या दगडावर सिमेंटने टाइल चिकटवली तर दगडाने ते सोडायचं कुठे? दोन-तीन पावसाळ्यांत टाइल पोकळ वाजायला लागते. मग ती पडते, आणि पडताना दगडाचा पापुद्रा घेऊन पडते. आता जे झाकायचं आहे त्याहून ते वाईट दिसेल.

शेवाळ दसऱ्यानंतर ऊन पडलं की काथ्याच्या ब्रशने घासून काढा. ॲसिड नको, प्रेशर मशीनही नको. नेचे काढायचे तर काढा, पण मी तुमच्या जागी असते तर पावसाळ्यापुरते राहू दिले असते. जोत्यासमोर दोन हात सोडून तेरडा फेकून ठेवा. तो आपला आपण उगवतो, श्रावणात जोतं झाकतो आणि दिवाळीच्या सुमाराला आपण होऊन बाजूला होतो, नेमका जेव्हा दगडाला ऊन हवं असतं. भाऊ मुंबईहून गणपतीला येणार, तेव्हा त्यांना फुलंच दिसतील.

*

सांगलीहून: "२०१९ च्या महापुरात घरात पाणी आलं, २०२१ ला पुन्हा. शेवटी जॅक लावून घर साडेचार फूट उचलून घेतलं. घर वाचेल, पण खालची नवी विटांची भिंत फार केविलवाणी दिसते. आणि बाहेरून जुनी भिंत व नवी भिंत यांच्यामधला सांधा स्पष्ट दिसतो."

सांधा दिसतो हे चांगलं आहे. तिथे हालचाल झाली तर ती आधी त्याच रेघेत कळेल. म्हणून त्याच्यावर जाडजूड गिलावा, टाइल किंवा वेल, काहीही चढवू नका. फार तर त्या रेघेवर एक बाहेर आलेली दगडी पट्टी दाखवल्यासारखा रंगाचा गडद पट्टा ओढा. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, त्या रेघेवरून बोट फिरवा.

साडेचार फूट झाकायचा सगळ्यात चांगला उपाय झाडं नसून पायऱ्या आहेत. सहा इंचांच्या नऊ पायऱ्या होतात. जिन्यासारख्या अरुंद करू नका, घाटासारख्या करा: सहा-सात फूट रुंद, पाचवीनंतर एक टप्पा. तुम्ही कृष्णाकाठची माणसं, घाट कसा असतो ते मी काय सांगणार. येणाऱ्याची नजर पायऱ्यांवरून वर दाराकडे जाते आणि दोन्ही बाजूंची भिंत निव्वळ पायऱ्यांची बाजू वाटायला लागते.

झाडं निवडताना कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी मोजतात ती पुराची पातळी लक्षात ठेवा. पुन्हा पाणी आलं तर बाग चार दिवस बुडेल. मोगरा, गुलाब त्यातून उठत नाहीत. कर्दळ आणि वाळा गाळातूनही परत फुटतात. कर्दळीला पाणी फार लागतं, तेव्हा ती भिंतीपासून लांब, अंगणाच्या खोलगट बाजूला. वाफ्यांना उंच पक्क्या कडा बांधू नका. पूर ओसरल्यावर त्या हौदासारखं पाणी धरून ठेवतात आणि ते नेमकं जोत्याशी मुरतं. लाकडी जाळ्याही नकोत. पुरात वाहून आलेला कचरा त्यांच्यात अडकतो आणि पाण्याचा जोर भिंतीवर येतो. कुंड्या हव्याच असतील तर पायऱ्यांवर ठेवा. पाणी चढायला लागलं की एकेक पायरी वर नेता येतात.

*

न्यू जर्सीहून एक ताई लिहितात की त्यांच्या घराभोवती सिमेंटच्या पायाचा दीड-दोन फुटांचा पट्टा उघडा आहे. शेजाऱ्यांनी सगळं झाकून टाकलंय, यांचंच घर "उघड्या पायांनी उभं" आहे. पुण्याहून आलेल्या सासूबाई म्हणतात, तिथे कढीपत्ता आणि तुळस लावा.

तुमच्याकडे तळघर असतं, म्हणून पाया वर येतो, आणि त्याच्यापुढे झुडपं लावायची चाल त्या देशात शंभराहून जास्त वर्षं जुनी आहे. तुमचं घर लाकडी सांगाड्याचं आहे, त्यामुळे पहिला नियम इथल्याहून कडक: लाकडी साइडिंग आणि माती यांच्यात सहा इंच पाया उघडा दिसलाच पाहिजे. तिथल्या घरबांधणीच्या नियमावलीतलीच अट आहे ती. पहिल्या दहा फुटांत जमीन सहा इंच उतरायला हवी, हेही त्यातच आहे. दर वसंतात लोक नवा मल्च टाकत जातात आणि दहा वर्षांत ते सहा इंच गडप होतात. जुना मल्च आधी ओढून काढा, मग दोन-तीन इंचच घाला. वाळवी तिकडेही आहे.

झुडपांत इंकबेरी लावून बघा. ती तुमच्या किनारपट्टीची देशी, सदाहरित आणि हरणांना फारशी न आवडणारी. हायड्रेंजिया सुंदर, पण हरणं रात्रीत संपवतात. छपरावरचा बर्फ जिथे घसरून पडतो त्या रेषेच्या पुढेच लावा, नाहीतर जानेवारीत फांद्या मोडतील. ड्रायरची हवा बाहेर पडते ती जागा आणि तळघराच्या खिडक्या मोकळ्या ठेवा. फावडं मारण्याआधी काही दिवस ८११ ला फोन करा, जमिनीखालच्या गॅसच्या आणि विजेच्या रेषांवर फुकट खुणा करून देतात.

सासूबाईंचा कढीपत्ता कुंडीत. मेअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत बाहेर दक्षिणेच्या भिंतीजवळ, नंतर आत खिडकीशी. पायाच्या काँक्रीटची ऊब त्याला मानवेल, तेव्हा त्यांचं अगदीच चूक नाही.

*

"पायाच्या भिंतीवर आपोआप चिकटत चढणारी बारीक पानांची वेल लावू का?" असं तिघांनी विचारलं आहे. फायकसची ती वेल. गिलावा केलेल्या भिंतीवर नको. तिची मुळं गिलाव्याला धरतात आणि काढायला गेलात की गिलावा सोबत येतो. कृष्णकमळ किंवा मधुमालती भिंतीपासून फूटभर पुढे तारांवर चढवा.

*

शेवटचं पत्र नाशिकहून, एका आजींचं. त्यांच्या मुलांनी जोत्यासमोर दाट तगर लावून सगळं छान झाकलं. आजी लिहितात: "संध्याकाळी मी जोत्याच्या कडेवर बसत असे. समोरच्या दोघी-तिघी येत. आता जागाच नाही. मुलांना बोलावं तर त्यांनी हौसेने केलंय."

आजी, मुलांना हा अंक दाखवा. संध्याकाळची सावली जिथे आधी येते तिथली पाच फूट तगर काढायची. तिथे जोत्याला लागून सव्वा फूट रुंद, गुडघ्याइतका उंच कट्टा, वर शहाबादी फरशी, फरशीला बाहेर थोडा उतार. कट्टा जोत्यात बांधून काढायचा नाही, बोटभर फट ठेवायची. तगर फेकू नका. पावसाच्या दोन-तीन चांगल्या सरी झाल्यावर मुळांच्या गोळ्यासकट उचलून मागच्या बाजूला लावली तर बहुतेक जगते. उचलण्याआधी मात्र निम्मी छाटा.